छोटी गाडी गचका न देता चालवायची आणि ॲव्हरेज पण काढायचं, ते कसं

गणपतीच्या आदल्या दिवशी मूर्ती आणायला गाडी घेऊन गेलाय का कधी? त्या एका दिवशी बेळगावातला प्रत्येक माणूस एकदम भारी ड्रायव्हर होतोय. मागच्या सीटवर पोरगं मांडीवर मूर्ती धरून बसलेलं, शेजारी आई "हळू रे, हळू" करत, आणि जो माणूस रोज फर्स्टमध्येच गाडी बोंबलवत खडेबाजारातनं नेतो तोच त्या दिवशी क्लच असा सोडतोय की पोटातलं पाणी हलायचं नाही. हंप लांबूनच दिसतोय, रेस आधीच सोडलेली असते, ब्रेक नुसता टेकवायचा. दुसऱ्या दिवसापासून परत ये रे माझ्या मागल्या. तर मला सांगायचंय ते एवढंच, की मूर्ती आणताना जशी चालवता तशी रोज चालवली तर गचके बंद होतात आणि ॲव्हरेज पण वाढतंय, दोन्हीसाठी वेगवेगळं काही शिकायला लागत नाही. आता ते कसं करायचं ते सांगतो, जरा लांबण लागेल.

माझी गाडी अल्टो ८००, २०१४ ची, सेकंड हँड घेतलेली. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, ४८ पीएस ताकद, वजन ७०० किलोच्या आसपास. रोज खानापूर ते उद्यमबाग, म्हणजे बेळगावची कारखान्यांची वसाहत, एका बाजूनं वीसेक किलोमीटर, शिवाय आठवड्यातनं एखाद-दोन वेळा बेळगाव गावात. पहिल्या वर्षी १५-१६ चं ॲव्हरेज मिळायचं आणि मी गाडीला शिव्या द्यायचो, ३०,००० किलोमीटरच्या आत क्लच प्लेट पण खाल्ली. मेस्त्रीनं जुनी प्लेट काढून हातात दिली, काळीठिक्कर, आणि विचारलं, "क्लचवर पाय ठेवून चालवताय न्हवं?" मी म्हटलं नाही ओ, असं कसं. खरं म्हणजे होय. आता तीच गाडी २०-२१ देते, हायवेला त्याच्यापेक्षा थोडं जास्त, आणि दुसऱ्या प्लेटवर पहिलीच्या दुप्पट किलोमीटर झालेत. गाडीत काहीच बदललं नाही, बदललो ते आम्हीच. वॅगन-आर, क्विड, इऑन, सेलेरिओ, कुठलीही छोटी पेट्रोल मॅन्युअल गाडी असली तरी हेच लागू पडतंय, दोन-पाच किलोमीटर स्पीडचा फरक पकडून चला.

पहिल्यांदा सीट. हे सगळे हसण्यावारी नेतात आणि निम्मे गचके इथंच असतात. क्लच पूर्ण तळाला दाबल्यावर डावा गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे, पाय एकदम ताणला जात असेल तर क्लच तुम्ही कधीच पूर्ण दाबत नाही आणि मग गिअर खर्रकन आवाज करून जातोय. खालचं मॅट पुढं सरकून क्लचच्या खाली अडकतंय का ते पण बघा. उद्यमबागेत कामाला जाणाऱ्यांना एक खास सांगतो, सेफ्टी शूज घालून गाडी चालवू नका, त्या जाड सोलमधनं क्लच कुठं पकडतोय ते पायाला कळतच नाही, मी शूज डिकीत टाकतो आणि मागं पट्टा असलेली चप्पल घालून चालवतो. नुसती पायातनं सुटणारी स्लीपर मात्र नको, ती ब्रेकखाली गेली तर सगळंच संपलं.

आता क्लच कुठं पकडतो ते ओळखणं. रविवारी सकाळी एखाद्या सपाट माळावर जा. गाडी चालू, फर्स्ट टाका, रेसला पायच लावू नका, आणि क्लच मुंगीच्या पावलानं वर सोडत या. एका जागी इंजिनचा आवाज जड होतोय, गाडी बारीक थरथरते आणि स्वतःहून पुढं सरकायला लागते. तिथं पाय धरून ठेवा. तोच तुमचा पॉइंट. इंजेक्शनच्या गाडीत, म्हणजे जिथं पेट्रोल किती सोडायचं ते कॉम्प्युटर ठरवतो, रेस न देता पण गाडी हलते, इंजिन बंद पडायला लागलं तर कॉम्प्युटरच थोडं पेट्रोल वाढवून देतो. हे वीस वेळा करा, कंटाळा येईपर्यंत. मग तुमच्या लक्षात येईल की क्लचच्या पेडलचा वरचा भाग पण रिकामा आणि खालचा भाग पण रिकामा, काम करतोय तो मधला दोन बोटांचाच भाग. रिकाम्या भागातनं पाय पटकन आणायचा, मधल्या दोन बोटांत हळू, परत वर पटकन. बहुतेक लोक उलटं करतात, खालपासून हळूहळू सोडत येतात आणि नेमका मधला भाग आला की धाडकन सोडून देतात. मग गाडी बेडकासारखी उडी मारते आणि मागनं बायको म्हणते "काय ओ हे".

आमचा मामा खानापूर-जांबोटी वडाप, म्हणजे माणसं भरून नेणारी जीप चालवायचा, ट्रॅक्सवर. त्याचं एकच सांगणं असायचं, गिअर टाकायचा नसतोय, त्याला वाट दाखवायची असतेय. तेव्हा ते उगीच काहीतरी वाटायचं, पण गिअरबॉक्स आतनं कसा आहे ते कळल्यावर पटलं. आत पितळी रिंगा असतात, सिंक्रो म्हणतात त्याला, त्या दोन फिरणाऱ्या भागांचा वेग घासून सारखा करतात आणि मगच गिअर बसतोय. त्याला अर्धा सेकंद लागतो. तुम्ही तेवढा वेळ दिला नाही, जोरानं ढकलला, की रिंगा झिजतात आणि दोन-चार वर्षांत सेकंड टाकताना खरखर सुरू होते. म्हणून रेस सोडली, क्लच पूर्ण दाबला, दांडा न्यूट्रलला आणला, तिथं श्वासभर थांबला, मग पुढच्या गिअरच्या तोंडाशी नेऊन हलका दाब धरला, की तो आपसूक आत जातोय. मूठ आवळून धरायची नाही, उघड्या तळव्यानं.

दांड्याची एक गंमत बऱ्याच जणांना माहीत नसते. न्यूट्रलमध्ये सोडला की आतली स्प्रिंग त्याला मधल्या रांगेत, म्हणजे थर्ड-फोर्थच्या रांगेत आणून उभा करते. मग सेकंडवरनं थर्ड टाकताना उजवीकडं ढकलायची गरजच नाही, नुसतं खालनं सरळ वर, स्प्रिंग आपलं काम करते. ढकलायला जाल तर फिफ्थमध्ये जाईल आणि गाडी मरगळेल. आणि उलटं त्याहून वाईट, हायवेला ऐंशीच्या स्पीडला फिफ्थवरनं फोर्थ टाकताना दांडा डावीकडं ढकललात तर तो सेकंडला जाऊ शकतो, मग क्लच सोडला की इंजिन किंचाळतं, पुढची चाकं आवळल्यासारखी होतात, आणि इंजिनचं मोठं काम निघू शकतं. फिफ्थवरनं फोर्थ म्हणजे नुसतं सरळ खाली, तळवा बाजूनं टेकवून. हात परत स्टिअरिंगवर. दांड्यावर हात ठेवून चालवायची स्टाईल सोडा, त्या हाताचा दाब आत गिअर सरकवणाऱ्या फोर्कवर सारखा पडत राहतो.

सगळ्यात जास्त गचका फर्स्टवरनं सेकंड टाकताना बसतोय, आणि ते साहजिकच आहे. ह्या दोन गिअरमधलं अंतर जास्त, म्हणजे त्याच स्पीडला सेकंड टाकला की इंजिनचे फेरे एकदम खूप खाली यायला लागतात. तुम्ही फर्स्टमध्येच गाडी पंचवीसपर्यंत ताणली असेल तर ते अंतर आणखी मोठं झालं, क्लच सोडला की सगळ्यांच्या माना पुढं. म्हणून फर्स्ट फक्त गाडी हलवायला, गाडीच्या दोन लांबीएवढं गेलं, दहा-पंधराचा काटा आला की सेकंड. ह्या ठिकाणी क्लच जरासा जास्त वेळ त्या दोन बोटांत धरा. पुढच्या गिअरना एवढी काळजी लागत नाही, पंचवीस-तीसला थर्ड, चाळीसच्या आसपास फोर्थ, पन्नास-पंचावन्नला फिफ्थ. माझ्या गाडीत आरपीएमचा काटा नाही, त्यामुळं हे आकडे आणि कान यावरच चालायचं. आणि हे आकडे सपाट रस्त्याला, एक-दोन माणसं असतानाचे. पाच जणं बसली की ३००-३२५ किलो झाले, म्हणजे गाडीच्या वजनाच्या निम्म्याला टेकलं, मग प्रत्येक गिअर पाच-सात किलोमीटर उशिरा टाकायचा.

इथं ॲव्हरेजवाले लोक एक चूक करतात, मी पण केली. कुणीतरी सांगितलेलं असतंय की लवकर टॉप टाकला की पेट्रोल वाचतंय, मग माणूस पस्तीसलाच फिफ्थ टाकतो आणि रेस तळाला दाबतो. गाडी ढ्रढ्रढ्र करत थरथरते, कधी कधी बारीक टकटक येते, उठत तर नाहीच. अल्टोचा जोर ३५०० फेऱ्यांच्या आसपास येतोय, कागदावर ६९ एनएम आहे तो, खाली तिच्याकडं काही नाही. मग ती टकटक म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल वेळेआधी भडकणं, पिस्टनला ते चांगलं नाही. थर्डमध्ये आरामात चालत असेल तर थर्डच राहू द्या. ओळखायचं कसं, तर वरचा गिअर टाकल्यावर रेस थोडी दाबून बघा, न थरथरता ओढली तर बरोबर टाकलाय, कुरकुरली तर खाली या, लाज कसली. आणि घाबरत घाबरत रेस देणं पण बरोबर नाही. पाव रेसमध्ये सेकंडला अर्धा किलोमीटर रेंगाळण्यापेक्षा निम्मी रेस देऊन पटापट फोर्थला पोचलेलं कमी पेट्रोल खातंय.

खाली येताना आधी ब्रेक, मग गिअर. वळणाच्या आधी ब्रेकनंच स्पीड पंचवीसवर आणा, मग फोर्थवरनं डायरेक्ट सेकंड टाका, मधला थर्ड टाकलाच पाहिजे असं काही नाही. क्लच सोडायच्या आधी रेसला अगदी किंचित टिचकी द्या, इंजिनचे फेरे वर येतात आणि जोड लागलेली कळत पण नाही. जमलं नाही तर क्लच हळू सोडा, तेवढ्यानं पण भागतंय. रिव्हर्सला मात्र गाडी पूर्ण थांबली पाहिजे, आणि क्लच दाबल्यावर दोन-तीन सेकंद थांबून टाकायचा, नाहीतर दात कुरकुरणारच. सकाळी थंडीच्या दिवसात, आमच्या खानापूरकडं डिसेंबरात चांगलंच गारठतंय, पहिला किलोमीटरभर सेकंड जड जातोय, गिअर ऑइल घट्ट असतंय म्हणून. जोर लावू नका. आणि दारात पाच मिनिटं इंजिन चालू ठेवून गरम करत बसू नका, अर्ध्या-एक मिनिटानं निघा आणि पहिले दोन किलोमीटर गाडी सावकाश घ्या, ती चालतानाच लवकर गरम होते.

चढावर उभी राहणं हा वेगळाच धडा. संध्याकाळी सहाच्या सुमारास कपिलेश्वर उड्डाणपुलाच्या चढावर अडकलात की काय होतंय ते सगळ्यांना माहीत आहे, पुढं बस, मागं बुलेटवाला अगदी बंपरला चिकटून, आणि प्रत्येक जण हाफ क्लचवर गाडी लटकवून उभा. एवढ्यात तो जळका वास येतो ना, ती क्लच प्लेटच. माझी पहिली प्लेट बहुतेक ह्याच पुलानं खाल्ली. हँडब्रेक ओढा, न्यूट्रल करा, पाय मोकळे करा. पुढची गाडी हलली की फर्स्ट, थोडी रेस, क्लच पॉइंटला आणा, गाडीचं तोंड जरा उचलल्यासारखं वाटलं आणि आवाज जड झाला की हँडब्रेक सोडा. एक इंच पण मागं जात नाही. चार वेळा रिकाम्या रस्त्यावर करून बघा, पाचव्यांदा पुलावर.

आता पेट्रोलचं. सगळे म्हणतात रेस कमी द्या, मी म्हणतो ब्रेक कमी मारा. मशीन शॉपमध्ये काम करतो त्यामुळं एकदा कागदावर हिशेब मांडला. गाडी आणि आत तिघं धरून ९०० किलो, साठच्या स्पीडला तिच्यात साधारण १२५ किलोज्यूल ऊर्जा असते. एक लिटर पेट्रोलात ३२ मेगाज्यूलच्या आसपास, पण चाकापर्यंत त्यातला पाव हिस्सा पोचला तरी पुष्कळ, म्हणजे ८. भागाकार केला की येतात १५-१६ मिली. साठवरनं ब्रेक मारून थांबलात की तेवढं पेट्रोल ब्रेकच्या पॅडमध्ये तापून उडून गेलं, दीड रुपया. तेवढ्या पेट्रोलात गाडी तीनशे मीटर गेली असती. आणि उगीच मारलेले असे ब्रेक दिवसाला तीस-चाळीस असतात, मोजून बघा एकदा. चाळीसवरनं थांबलात तर नुकसान निम्म्याहून कमी, कारण हे स्पीडच्या वर्गानं वाढतंय.

म्हणजे करायचं काय, तर लांब बघायचं. गणेबैल टोल नाका दिसला की अर्धा किलोमीटर आधीच रेस सोडायची, गाडी गिअरमध्येच राहू द्यायची, ती आपसूक मंदावत जाते, शेवटी थोडासा ब्रेक. चन्नम्मा सर्कलचा सिग्नल लाल दिसतोय तरी लोक रेस देत जातात आणि जाऊन कच्चकन थांबतात, कशाला ओ? रेस सोडून सेकंडमध्ये सरकत जा, पोचेपर्यंत हिरवा झाला तर न थांबताच निघाल, आणि बंद गाडी हलवण्यापेक्षा चालती गाडी उचलायला कितीतरी कमी पेट्रोल लागतंय. पुढच्या गाडीच्या शेपटीला चिकटून चालवलं की त्यानं मारलेला प्रत्येक ब्रेक तुम्हाला पण मारायला लागतो, त्याचं वाईट ड्रायव्हिंग तुमच्या टाकीतनं जातंय. तीन-चार गाड्यांचं अंतर ठेवा. मध्ये कोणीतरी घुसणार, घुसू दे. टिळकवाडीत दुसऱ्या गेटवर रेल्वेसाठी अडकलात की गाडी बंद करा, नुसतं उभं राहून इंजिन तासाला अर्ध्या लिटरच्या आसपास पीतंय, एसी लावला तर आणखी. मिनिटभराच्या वर थांबायचं असेल तर बंद केलेलं परवडतंय.

उताराला न्यूट्रल मारायचं खूळ, ह्याच्यावर जरा थांबून बोलायला पाहिजे, कारण आमच्याकडं घाट जवळ. वंटमुरी, तवंदी, चोर्ला, आंबोली, सगळीकडं लोक उतार लागला की दांडा मोकळा सोडतात आणि काही महाभाग तर चावीच बंद करतात. मामा पण करायचा. त्याच्या काळात कार्बोरेटर होता, रेस सोडली तरी इंजिन पेट्रोल ओढतच राहायचं, त्यामुळं न्यूट्रलला थोडं वाचायचं हे खरंच होतं. इंजेक्शनच्या गाडीत उलटं आहे. गाडी गिअरमध्ये आहे, रेस पूर्ण सोडलेली आहे आणि चाकं इंजिनला फिरवताहेत, हे कॉम्प्युटरला कळलं की तो पेट्रोल पूर्णच बंद करतो, थेंब पण जात नाही. न्यूट्रल केलात की इंजिनला स्वतःहून चालू राहायला लागतंय, म्हणजे पेट्रोल जाणारच. वाचवायला गेलात आणि जास्त जाळलंत. शिवाय गिअर इंजिनचा ब्रेक देतो तो पण गेला, सगळा भार ब्रेकवर, चार वळणांत ब्रेक तापून पेडल मऊ पडतंय. आणि चावी बंद केली तर दोन-तीनदा ब्रेक दाबल्यावर ब्रेकला जोर देणारा बूस्टर संपतो, पेडल दगडासारखं होतंय, पॉवर स्टिअरिंग जातंय, चावी आणखी मागं गेली तर स्टिअरिंग लॉक. चोर्ल्याच्या वळणावर हे झालं तर ॲव्हरेजचा हिशेब करायला कोणी राहणार नाही. घाट उतरायचा नियम जुनाच, ज्या गिअरनं चढला असता त्याच गिअरनं उतरायचं. गोव्याकडं उतरताना मी सेकंड-थर्डमध्येच असतो, रेसवरनं पाय काढलेला, ब्रेक अधूनमधून.

चढताना एसी बंद. ८०० सीसीमधनं कॉम्प्रेसर बरीच ताकद खातोय, फरक पायाला लगेच कळतो. निपाणीकडनं येताना तवंदी चढायला लागलात की फोर्थमध्ये रडवत बसू नका, रेस देऊनही स्पीड पडतोय असं वाटलं की लगेच थर्ड, इंजिन जरा जोरात वाजू दे, त्याला तिथंच बरं वाटतंय. पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबीकडं जात असाल तर ॲव्हरेजबिव्हरेज विसरा, त्या पट्ट्यात पाऊसच असा असतोय की पुढचं दिसत नाही, त्यात धुकं आणि खड्डे, तिथं गाडी सेकंडमध्ये शाबूत घरी आली हेच ॲव्हरेज.

आणि उसाचा सीझन. कारखाने सुरू झाले की संकेश्वर, चिकोडी, निपाणी, हुक्केरी कुठल्याही रस्त्याला दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर, पंधराच्या स्पीडला, रात्री मागं रिफ्लेक्टरचा पत्ता नाही. त्याला ओव्हरटेक करताना छोट्या गाडीवाले मरतात ते एकाच कारणानं, फोर्थमध्येच रेस दाबतात आणि गाडी उठतच नाही, समोरनं बस आलेली. बाहेर यायच्या आधी मागंच सेकंड किंवा थर्ड टाका, एसी बंद, समोर भरपूर मोकळं दिसलं तरच रेस पूर्ण द्या, पुढं आल्यावर मगच वरचा गिअर. इथं पेट्रोल जाऊ दे खुशाल. मोकळं दिसत नसेल तर मागं राहा आणि उसाचं एखादं कांडं पडतंय का बघा.

हायवेला छोट्या गाडीचा गोड स्पीड साठ ते सत्तर, फिफ्थमध्ये, काटा एका जागी धरून. हवेचा विरोध स्पीडच्या वर्गानं वाढतोय, ऐंशीवरनं शंभरला गेलात की तो दीडपटीच्या वर जातो, आणि हे डबड्यासारखं तोंड हवेत ढकलायला ४८ पीएसच आहेत. बेळगाव-कोल्हापूर शंभर-एकशेदहा किलोमीटर, सत्तरऐवजी नव्वदनं गेलात तर वीस-पंचवीस मिनिटं वाचतात, ती संकेश्वरजवळ चहाला थांबून घालवणारच ना आपण? गावात चाळीसच्या खाली काच उघडी ठेवली तर चालतंय, हायवेला काचा बंद करून एसी हलका लावलेला बरा.

गाडीच्या बाजूचं थोडक्यात. टायरची हवा पंधरा दिवसांनी, सकाळी टायर थंड असताना, ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलीय तेवढीच, पंक्चरवाला म्हणतो तेवढी नाही. हवा कमी असली की गाडी चिखलात चालल्यासारखी ओढते. एअर फिल्टर आमच्या धुळीच्या रस्त्यांना पुस्तकात लिहिलंय त्याच्या आधी झटकून बघा. ऑइल पुस्तकात सांगितलेल्याच ग्रेडचं, एका गॅरेजवाल्यानं मला "गाडी तापणार नाही ओ" म्हणून जाड ऑइल ओतलं होतं, सकाळी इंजिन जड आणि ॲव्हरेज एकनं खाली, पुढच्या वेळेला मी डबा स्वतः घेऊन गेलो. डिकीतलं सामान काढा, माझ्या डिकीत दीड वर्ष एक अर्धं सिमेंटचं पोतं फिरत होतं. आणि वीसेक किलोमीटर चालवून आल्यावर चारही चाकांच्या रिमजवळ हात न्या, एखादं चाक बाकीच्यांपेक्षा खूपच गरम वाटलं तर तिथला ब्रेक अडकतोय, मेस्त्रीला दाखवा. हात टेकवू नका, भाजेल.

जुन्या गाडीवाल्यांनी एक लक्षात ठेवा, आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतंय. इथेनॉलमध्ये एका लिटरात पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी, म्हणजे २० टक्के मिसळलं की सहाएक टक्के तरी जाणारच, २० देणारी गाडी १९ च्या खाली आली तर लगेच इंजिन उघडायला लावू नका. ऊस आमच्याच शेतातला, तक्रार कुणाकडं करणार.

आता मोजायचं कसं. पेट्रोलचा काटा बघून किंवा "पाचशेचं टाकलं, चार दिवस चाललं" असं नाही मोजायचं. टाकी फुल, नोझल पहिल्यांदा कट झालं की बस्स, वरनं टुकटुक करून पैसे राउंड करायला लावू नका. ट्रिप मीटर शून्य. तीनशे किलोमीटरच्या वर चालवा, परत त्याच पंपावर, त्याच मशीनवर, तसंच पहिल्या कटपर्यंत भरा. ३४२ किलोमीटर झाले आणि १७.१ लिटर बसलं तर भागा, २०. एका टाकीवर विश्वास ठेवू नका, तीन टाक्यांचं काढा, एका टाकीत लग्नाची धावपळ असते, दुसरीत गोवा.

पंप कुठला, तर चंदगड-कोल्हापूरकडचे पाहुणे आमच्याकडं येतात तेव्हा टाकी फुल करून जातात, कर्नाटकात थोडं स्वस्त म्हणून, आणि आम्ही गोव्याला गेलो की तिथं भरतो. वाटेतच असेल तर जरूर भरा. पण तिकडचा एक पाहुणा मुद्दाम बेळगावला यायचा, जाऊन येऊन चाळीसेक किलोमीटर, म्हणजे दोन लिटर, दोनशे रुपये. लिटरमागं दोन रुपये वाचले असं धरलं तरी तीस लिटरला साठच. त्याला हे कागदावर मांडून दाखवलं. तो म्हणाला, "व्हय, पण येताना कुंदा पण घेऊन जातो की."